लाल, काळी आणि ती तिसरी वायर

तीर्थरूप मामांना,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे इथे ठीक आहोत. तुम्हीही तिथे ठीक असाल अशी नुसती आशा नाही, पक्की माहिती आहे, कारण आई दर रविवारी तुम्हाला फोन करते आणि तुम्ही दर रविवारी "ठीक आहे" एवढंच सांगता. त्यापुढे तिने घराचं नाव काढलं की तुमच्या फोनची रेंज जाते. (हवेचा, पाण्याचा, बाजारभावाचा विषय असला की ती खणखणीत असते. असा फोन कुठल्या कंपनीचा आहे ते मलाही कळवा, परीक्षेच्या दिवसांत फार उपयोगी पडेल.) म्हणून यावेळी पत्र लिहितो आहे. पत्र मधेच कट करता येत नाही. फार तर फाडता येतं, पण तू कागद फाडणाऱ्यांतला नाहीस हे मला आठवतं. आणि हे बघ, एवढ्यातच "तुम्ही"वरून "तू"वर आलो. आईने बजावलं होतं की आदरार्थी लिही, तो मोठा माणूस आहे. पण मी तुला अहो म्हटल्याचं मला आठवत नाही, आणि इतक्या वर्षांनी परक्यासारखी सुरुवात करायला जीव होत नाही. एक आदरार्थी परिच्छेद झाला, तो आईसाठी ठेव. इथून पुढचं तुझं.

प्रकृती कशी आहे? डोळे कसे आहेत? (पहिला प्रश्न रीतीप्रमाणे. दुसऱ्यासाठी हे सगळं पत्र आहे, तेव्हा जरा बूड टेकून वाच.)

मी सध्या प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम करतो आहे. तू गेलास तेव्हा मी बुटाच्या नाड्या बांधायला शिकत होतो, आता रक्त काढायला शिकतो आहे. सुरुवात दोन्हीकडे सारखीच झाली, गाठ चुकीच्या जागी. आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा म्हणजे एक लांबलचक खोली, फरशीवर डाग, भिंतीला बेसिनची रांग, आणि प्रत्येक टेबलावर एक सूक्ष्मदर्शक, ज्याच्यात आपलीच पापणी आधी दिसते. तिथे आम्ही काचपट्टीवर जंतू पसरतो, त्यांना रंग देतो, धुतो, पुन्हा रंग देतो. काही जंतू पहिला जांभळा रंग धरून ठेवतात, काहींचा धुऊन जातो आणि ते दुसऱ्या रंगाने गुलाबी होतात. जांभळा की गुलाबी, यावरून डॉक्टर औषधाची दिशा ठरवतात. म्हणजे तसं बघितलं तर फार सोपं काम. जंतू स्वतःच पाटी लावून बसलेला असतो, आपण फक्त वाचायची.

माझी अडचण अशी की ती पाटी मला वाचता येत नव्हती, आणि वाचता येत नाही हेच मला माहीत नव्हतं. माझ्या टेबलावरची जोडीदारीण (तिला वर्गात सगळे "लाउडस्पीकर" म्हणतात, कारण तिला मनातल्या मनात विचार करता येत नाही) भिंगात बघितलं की ओरडायची, "अगं बाई, किती गुलाबी!" मी वहीत "गुलाबी" लिहायचो. असं पहिलं वर्ष सुखात गेलं. मग प्रात्यक्षिकाच्या चाचणीच्या दिवशी तिचा घसा बसला. तिने लिहिलं सगळं बरोबर, पण गप्प राहून. मी सगळ्या पट्ट्या नीट निरखून, मोठ्या आत्मविश्वासाने, जवळजवळ प्रत्येक उत्तर उलटं लिहिलं. दोन बरोबर आली, ती कशी आली ते अजून कळलेलं नाही.

मॅडमनी मला बोलावलं. मला वाटलं, आता बाहेरचा रस्ता. त्यांनी टेबलावर पेनांची टोपणं मांडली आणि म्हणाल्या, "तपकिरी उचल." मी उचललं. "आता हिरवं." मी त्याच्या शेजारचं उचललं. त्यांनी दोन्ही टोपणांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मोज्यांकडे. मग कपाटातून एक पुस्तक काढलं. त्याच्या प्रत्येक पानावर एक गोल, गोलात रंगीबेरंगी ठिपके, आणि ठिपक्यांत लपलेला आकडा. एका पानावर मला एकवीस दिसला. "एकवीस," मी म्हणालो. दारात उभी असलेली लाउडस्पीकर बसक्या घशाने किंचाळली, "चौऱ्याहत्तर आहे ना रे!" पुढच्या पानावर मला काहीच दिसलं नाही, नुसते ठिपके. तरी मी थोडा वेळ थांबलो. वाटलं, येईल हळूहळू, लाजत असेल.

मामा, मला लाल आणि हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. जन्मापासून. मॅडमनी हे असं सांगितलं की जणू मी डावखुरा आहे. म्हणाल्या, प्रत्येक तुकडीत एखादा मुलगा निघतोच, यावर्षी तू. मग मला वर्गात सगळ्यांसमोर नेऊन फळ्यापाशी उभं केलं आणि खडू उचलला, कारण त्या मूळच्या अनुवंशशास्त्राच्या आहेत आणि तो धडा पुढच्याच आठवड्यात होता. आयता नमुना समोर असताना त्या सोडतील कशाला?

तर ऐक. (मी शिकवणार आहे. तू मला टेस्टर कसा धरायचा ते शिकवलंस, त्याची ही परतफेड समज.) आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या असतात. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. त्या गुणसूत्रांवर जनुकं असतात, म्हणजे शरीर कसं बांधायचं याच्या सूचना. केस असे, रक्त तसं, डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या पेशी अशा. शेवटची जोडी मात्र वेगळी. बाईकडे दोन एक्स, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. हा वाय अगदीच आखूड, त्याच्यावर मजकूर थोडा. लाल-हिरवा ओळखायची सूचना एक्सवर असते. बाईच्या एका एक्सवर ती चुकीची छापलेली असली तरी दुसरा एक्स सांभाळून घेतो, तिला रंग नीट दिसतात, कळतही नाही. पुरुषाचा एकच एक्स, तो चुकीचा निघाला की संपलं. मागच्या बाकावरच्या एकाने लगेच विचारलं, "म्हणजे बायकांना स्टेपनी असते, मॅडम?" मॅडम म्हणाल्या, "परीक्षेत असं लिहू नकोस, पण लक्षात असंच ठेव."

आणि मुलाला एक्स मिळतो तो आईकडूनच. वडिलांकडून त्याला वाय येतो. (बाबांना हे घरी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे मी तुला दिलं काय? ते आखूड?" मी म्हटलं, बाकीच्या बावीस जोड्यांत अर्धा वाटा तुमचा आहे. तरी ते दिवसभर नाराज होते.)

मग मॅडमनी मला विचारलं, "आईला भाऊ आहे?"

मी म्हणालो, "आहे."

"त्यांना रंग नीट दिसतात का?"

आणि मामा, मला एकदम ते झाड आठवलं. शाळेत चित्र काढायला सांगितलं होतं, मी झाडाचं खोड हिरवं रंगवलं आणि पानं तपकिरी. बाईंनी अख्ख्या वर्गाला ते दाखवलं आणि सगळे हसले. मी घरी येऊन कोपऱ्यात बसलो. आईने चित्र बघितलं, म्हणाली असू दे, पुढच्या वेळी नीट काढ. ताई हसली. आणि तू आजोबांच्या मोटर-दुरुस्तीच्या दुकानातून आलास, चित्र उजेडाकडे धरलंस, बराच वेळ बघितलंस आणि म्हणालास, "छान काढलंयस की. झाड असंच तर असतं." मला वाटलं, मामा आपली समजूत घालतोय. इतकी वर्षं तसंच वाटत होतं. फळ्यासमोर उभं राहून पहिल्यांदा कळलं की तू समजूत घालत नव्हतास. तू खरं सांगत होतास. मॅडम उत्तराची वाट बघत होत्या आणि मी चाळीस मुलांसमोर नाक ओढत उभा होतो. (लाउडस्पीकरने "रडतोय!" अशी जाहीर घोषणा केली ती वेगळीच.)

ते ठिपक्यांचं पुस्तक मी दोन दिवसांसाठी घरी आणलं. जेवायला बसायच्या आधी सगळ्यांची परीक्षा घेतली. आईला चौऱ्याहत्तर. बाबांना चौऱ्याहत्तर. ताईला चौऱ्याहत्तर, वर "यात काय अवघड आहे?" हा शेरा. आजोबा आता आमच्याकडेच असतात, दुकान सकाळी तासभर उघडतात, ते सवय म्हणून. त्यांनी आधी हात धुतले, चष्मा पुसला, पुस्तक तीनदा फिरवलं, छपाई कुठली ते बघितलं, आणि म्हणाले, "चौऱ्याहत्तर. हे काय, पोरखेळ?" मग मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे आपल्या घराची वंशावळ काढली, शास्त्रात काढतात तशी. पुरुष चौकोन, बाई वर्तुळ. ताई म्हणाली तिचं वर्तुळ फार मोठं काढलंय, मुद्दाम. आजोबा म्हणाले, "मी चौकोन?" बाबा म्हणाले, "शोभतो." ज्याला रंगांधळेपणा आहे तो चौकोन भरीव काळा करायचा, तो माझा. आईच्या वर्तुळात मधोमध ठिपका, म्हणजे तिच्या एका एक्सवर ती चूक आहे पण तिला स्वतःला काही नाही. आजोबांना चौऱ्याहत्तर दिसतो, म्हणजे त्यांचा एक्स चांगला. म्हणजे आईकडे ती चूक आली आजीकडून. आजीच्या वर्तुळातही ठिपका. आणि आजी आता नाही म्हणून शास्त्राप्रमाणे त्या वर्तुळावर तिरकी रेघ मारायची असते. मी पेन टेकवलं तेवढ्यात आईने माझा हात धरला. "माझ्या आईवर काट मारू नकोस," ती म्हणाली. मी नाही मारली. कॅलेंडरवर आजी अजून आहे. मॅडम गुण कापतील, कापू देत.

मग आजीच्या खाली आईच्या शेजारी दुसरा चौकोन काढला. तुझा. आजीचे दोन एक्स, त्यातला कुठला तुझ्या वाट्याला आला ते पुस्तक सांगू शकत नाही, शक्यता निम्मी-निम्मी. मी झाडाची गोष्ट सांगितली. ताईला आठवलं की तू कच्चे टोमॅटो आणायचास आणि आजी म्हणायची, हा बाजारात डोळे घरी ठेवून जातो. आई माझ्या काळ्या चौकोनाकडे बघत होती आणि मग म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे?" मी म्हटलं, तुझ्यामुळे नाही, आजीमुळेही नाही, ही कुणाची चूक नसते, नाणं उडवल्यासारखं असतं. ती "बरं" म्हणाली, पण तिला पटलेलं नव्हतं. मग जेवायला बसल्यावर हळूच म्हणाली, "आणि मशीन?"

आमच्या घरात "मशीन" हा शब्द तू गेल्यापासून कुणी उच्चारत नाही. (कपडे धुण्याच्या मशीनला सुद्धा आम्ही "ते" म्हणतो.) मला त्या दिवसाचं अर्धवटच आठवतं. बेकरीवाल्याचं पीठ मळायचं मशीन दुरुस्तीला आलं होतं, त्याला घाई होती, संध्याकाळी ते त्याच्याकडे पोचलं, त्याने बटण दाबलं, मशीनला हात लावला आणि उडून पिठाच्या पोत्यांवर पडला. वाचला, पण दोन दिवस तोंडाने नुसता "हं, हं" म्हणत होता. आणि आजोबांनी भर रस्त्यात, सगळ्या दुकानांसमोर तुला विचारलं, "डोळे आहेत की बटणं?" त्यापुढेही बरंच. तुझी पकड जागेवर ठेवलीस, घरी आलास, पिशवी भरलीस. मला वाटलं, टोमॅटो आणायला निघालास.

आईने "मशीन" म्हटल्यावर आजोबांनी घास खाली ठेवला. ते उठले आणि त्यांच्या खोलीतून वायरचे तुकडे घेऊन आले. माझ्या ताटाशेजारी ठेवले. "सांग. लाल कुठली?" मी सांगितली. "हिरवी?" तीही सांगितली. त्यांनी तुकडे मिसळले, पुन्हा विचारलं. मग पुन्हा. काळी मला प्रत्येक वेळी बरोबर आली. बाकीच्या दोघींत मी चाचपडत होतो. त्यांच्या लेखी एक लाल आणि एक हिरवी. माझ्या लेखी एक काळी आणि दुसऱ्या दोन मळकट बहिणी. आजोबा म्हणाले, "तो वायर डोळ्यांपाशी नेऊन बघायचा. मी म्हणायचो, वास घेतोस काय रे?" (त्यांच्या बोलण्यात तू नेहमी "तो" असतोस. नाव घेत नाहीत. पण घरात दुसरा कुणी "तो" नाही, त्यामुळे घोटाळा होत नाही.)

"मग इतकी वर्षं त्याचं कधी चुकलं कसं नाही?" बाबांनी विचारलं. प्रश्न साधा होता, बाबांचे प्रश्न साधेच असतात. आजोबा उत्तर द्यायला गेले आणि ते तुकडे ताटाशेजारी ओळीने लावू लागले. मग फार हळू म्हणाले, "रिळं फळीवर ठरलेल्या जागी असायची. डावीकडे लाल, मधे काळी, उजवीकडे हिरवी. तो न बघता हात घालायचा." आणि थोड्या वेळाने, "त्या आठवड्यात मी फळी आवरली होती."

मग सगळा हिशेब आजोबांनीच मांडला, दुकानात मोटर खोलून ठेवावी तसा. मशीनकडची बाजू तू जोडलीस. उजवीकडच्या रिळातली वायर, ती हिरवी, म्हणजे अर्थिंगची, असं धरून, मशीनच्या अंगाला लावलीस. ती लाल होती. प्लगकडची बाजू नंतर त्यांनी जोडली, रंग बघून. लाल वायरला वीज दिली, जशी द्यायची असते तशी, आणि ती थेट मशीनच्या अंगात गेली. त्याने त्याच्या परीने बरोबर जोडलं, मी माझ्या परीने बरोबर जोडलं, ते म्हणाले. आणि मग, "मी त्याला एकदाही विचारलं नाही की काय दिसतं तुला." आईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी तो काढला नाही. मामा, आजोबांनी कुणाचा पाठीवरचा हात सहन केल्याचं मी प्रथमच बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या मागोमाग दुकानात गेलो. ते स्टुलावर चढून फळीवरची रिळं जुन्या क्रमाने लावत होते. डावीकडे लाल, मधे काळी, उजवीकडे हिरवी. मला म्हणाले, "बरोबर आहे का बघ." मी म्हटलं, आजोबा, मला काय विचारता? तर म्हणाले, "मग कुणाला विचारू?"

मला एक विचारायचं आहे. तुला माहीत होतं का? कधीतरी, कुणीतरी सांगितलं असेल, किंवा तुझं तुला उमगलं असेल. की तूही इतकी वर्षं स्वतःला वेंधळाच समजत राहिलास? मला हे कॉलेजच्या दुसऱ्याच वर्षी कळलं, मॅडमनी हसत सांगितलं, वर म्हणाल्या की रंगांच्या पट्ट्या वाचणं तुझ्या नशिबात नसेल तर पुढे अनुवंश समुपदेशनाकडे वळ, घराघरांत बसून चौकोन-वर्तुळं काढायची आणि लोकांना समजावून सांगायचं, तिथे काळी शाई पुरते. माझं काही अडलं नाही. तुला असं सांगणारं कुणी भेटलं का? सगळे मला आता रोज विचारतात, हे कसं दिसतं, ते कसं दिसतं. मी सांगतो, आणि ते माना हलवतात, आणि त्यांना काहीही कळत नाही. लाउडस्पीकरने तर सबंध बाग हिंडवून विचारलं. संध्याकाळी बागेच्या कडेची झाडं मला फार सुंदर दिसतात, मामा. कशी ते इथे कुणाला सांगता येत नाही. सांगायला शब्द त्यांचे आहेत आणि दिसतं ते आपलं आहे.

आईने मागच्या खोलीचे पडदे धुतले आहेत. कुणी येणार असं कुणी म्हटलेलं नाही. ती म्हणते, धूळ झाली होती.

सगळ्यांचा यथायोग्य नमस्कार. उत्तर लिहिलंस तर आनंद होईल, नाही लिहिलंस तर रविवारी आईला "ठीक आहे" म्हणताना जरा वेगळ्या आवाजात म्हण, मी शेजारीच बसलेलो असेन.

तुझा,
भाचा

ता. क. वर जे शास्त्र सांगितलं आहे ते कुणाला माझ्या नावावर सांगू नकोस. अनुवंशशास्त्राच्या चाचणीत मला वीसपैकी नऊ गुण मिळाले. आजीवर काट न मारल्याचे दोन गेले, बाकीचे माझ्या कर्तृत्वाने.

ता. क. दुसरं. पत्र बंद करताना आजोबा आले. त्यांनी हे लिहायला सांगितलं आहे, त्यांच्याच शब्दांत: आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट, ज्यात त्याची पकड, टेस्टर आणि बाकीची हत्यारं तेव्हापासून कुलपात आहेत, त्याची किल्ली हरवली. इथले किल्लीवाले म्हणतात कुलूप फोडावं लागेल. फोडायचं नाही. ऐकलंय की तो तिकडे कुलपं-किल्ल्यांचंच काम करतो. तर सवडीने येऊन किल्ली करून द्यावी. घाई नाही. पण या महिन्यात.

ता. क. तिसरं, आणि हे आजोबांना न दाखवता लिहितो आहे. किल्ली हरवलेली नाही. ती त्यांच्या सदऱ्याच्या खिशात आहे, मला कापडातून तिचा आकार दिसतो, आणि वरचं बोलताना ते सारखे खिसा चाचपून बघत होते की आहे ना. तेव्हा काही सामान बरोबर आणू नकोस. नुसता ये.